आधी उठलेली झील

१

माझ्या खोलीत येणारे बहुतेक आवाज काहीतरी विकणारे असतात. "एका साडीवर एक साडी फुकट"वाले, क्लासवाले, निवडणूक आली की रिक्षावर फिरणारे. हडको वसाहतीत, टीव्ही सेंटरच्या मागच्या गल्लीत, भावाच्या घराच्या माडीवर माझं रेकॉर्डिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये एक काच. आतल्या खोलीच्या भिंतींना आईच्या जुन्या गोधड्या ठोकल्यात, म्हणजे आवाज घुमत नाही. बाहेरच्या खोलीत मी, संगणक आणि चहाचा थर्मास.

त्या मंगळवारी मात्र विकणारं कोणी येणार नव्हतं. दगडामावशी येणार होती.

दगडाबाईची गायन पार्टी आमच्याकडे कोणाला माहीत नाही? चाळीस वर्षं जयंती, लग्नं, बारशी तिने गाजवली. लहानपणी मीही तिच्या झिलेत उभी राहिलेय. झील म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या बायका. तिने ओळ म्हटली की यांनी ती उचलायची आणि फिरवायची. झिलेने आपणहून तोंड उघडायचं नाही. "आधी ओळ, मंग झील," हा मावशीचा कायदा. तो मोडला की भर मांडवात पाठीत धपाटा बसे. माझ्या पाठीला अजून आठवतो.

मावशीच्या घशात गाठ निघाली होती. गुरुवारी ऑपरेशन, बुधवारी भरती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. आणि मावशीची एकुलती एक लेक सुकेशनी सातव्या महिन्यात होती. लग्नानंतर अकरा वर्षांनी.

"नातवाचा नायतर नातीचा पाळणा मीच म्हणणार," मावशी मला म्हणाली होती. "बारशाला माझा गळा नसंल तर नसंल. संध्ये, तू तो आधीच भरून ठेव. लोणच्यावाणी."

मी हसले, आणि घरी जाऊन पोटभर रडले. हातात एकच दिवस होता.

२

आणि नेमकं त्याच सकाळी संगणकाने भांडण काढलं.

रात्रीत त्याने स्वतःच स्वतःला अपडेट करून घेतलं होतं. सकाळी बघते तर माइकचा आवाज संगणकात नेणारा जो डबा असतो, ते साउंड कार्ड, मुकं. डबा आणि संगणक यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा एक दुभाषा लागतो. अपडेटबरोबर संरक्षणाचं एक नवं बटण आपोआप चालू झालं होतं, मेमरी इंटिग्रिटी म्हणतात त्याला, आणि त्याने माझा जुना दुभाषा घराबाहेर काढला होता.

ठीक आहे म्हटलं. डबा बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून नवा ड्रायव्हर उतरवला. सहीशिक्क्याचा, अगदी घरंदाज. तो बसवायला गेले तर पडद्यावर पाटी आली, "या उपकरणावर हा ड्रायव्हर चालवता येत नाही." पुन्हा केलं, पुन्हा तेच. अँटिव्हायरसनेही मधे नाक खुपसलं. गुरखा नवा असला की घरमालकालाच ओळखपत्र मागतो, त्यातली गत.

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. "मॅडम, ड्रायव्हर आमचाच आहे, बिनधोक आहे," तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "ते संरक्षण तेवढं बंद करा आणि संगणक एकदा बंद-चालू करा. सगळेच करतात."

मी केलं. ड्रायव्हर बसला. डब्यावरचा हिरवा दिवा लागला आणि मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग मी उशीर तपासला. माइकात गेलेला आवाज संगणकातून फिरून हेडफोनात यायला किंचित उशीर लागतोच. ड्रायव्हर चांगला असला तर तो उशीर कानाला कळत नाही. पडद्यावर तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत लिहून येतो. पाच, सहा, आठ.

त्या दिवशी तिथे लिहिलं होतं, उणे तीन.

उणे कसा असेल? नव्या ड्रायव्हरच्या चुका असतात, मी स्वतःला म्हटलं. आकडे लिहिणाऱ्याने चिन्ह चुकवलं असेल. तेवढ्यात जिन्यावर बायकांचा कलकलाट ऐकू आला आणि मी दार उघडायला धावले.

३

काय सांगू, खोलीचं लग्नघर झालं. मावशी पुढे, पांढऱ्याशुभ्र साडीत, गळ्याभोवती निळा रुमाल. मागे झिलेच्या दोघी, सुलेखा आणि भागूबाई. ढोलकी पोटाशी धरून इंद्रजीत. सगळ्यांत शेवटी सुकेशनी, दर पायरीला थांबत, हातात चिंचेच्या गोळ्यांची पुडी.

"माय, सावकाश!" ती खालून ओरडत होती.

"अगं तू सावकाश ये, मी कशाला? माझ्या पोटात काय हाय? चहा बी नाय!" मावशीच्या आवाजाला खरखर आली होती, पण ठसका तोच.

चहा झाला, खारी झाली, इंद्रजीतच्या नव्या मिशीवर बोलणी झाली. मग मी मावशीला इंद्रजीतबरोबर काचेच्या आत बसवलं. सुलेखा आणि भागूबाई माझ्या शेजारी, त्यांचा वेगळा माइक पुढे ठेवून. त्यांनी हेडफोन लावले, कारण काचेतून आतला आवाज बाहेर येत नाही. मावशी त्यांना फक्त हेडफोनातून ऐकू येणार होती. मावशीला आणि मलाही हेडफोन होतेच. सुकेशनी कोपऱ्यातल्या खुर्चीत टेकली. तिला हेडफोन नव्हता.

मी बोटाने इशारा केला आणि ढोलकी उठली.

*वेरूळच्या डोंगरावरून वारा आला गं,*
*पाळण्याचा दोर कुणी हळूच हालवला गं.*

झिलेने ओळ उचलली. माझ्या अंगावर काटा आला, चांगला काटा, लहानपणी यायचा तसा.

दुसरं कडवं सुरू झालं. मावशी एक ओळ म्हणाली आणि श्वास घ्यायला थांबली. आणि झिलेने पुढची ओळ उचलली.

मावशीने ती म्हटलीच नव्हती.

मी काचेतून तिच्याकडेच बघत होते. तोंड मिटलेलं, छाती वर येत होती. आणि माझ्या हेडफोनात तिचा आवाज ती ओळ म्हणून मोकळा झाला होता. क्षणभराने तिचे ओठ हलले. तीच ओळ, त्याच हरकतीसकट.

मावशीने ढोलकीवर हात ठेवला. "कोण गं ती? ओळ आजून मनात घोळत होती, मी म्हणलंच नाय अन् झील धरली!"

"तुमीच तर म्हणलात!" भागूबाई म्हणाली.

"आवो, ऐकलं म्हून तर धरली," सुलेखा म्हणाली.

"पाठ मोकळी हाय ना दोघींची?" मावशीने हात उगारला आणि सगळे हसलो. मीसुद्धा हसले. पडद्यावर उणे चार हजार लिहिलं होतं.

४

माझं डोकं हिशेबी आहे. भूतबीत मी मानत नाही. घरात बुद्धाची मूर्ती आहे ती मला शंका विचारायला शिकवते, घाबरायला नाही. म्हणून मी कारणं लावत बसले. मावशीने सरावात ओळ गुणगुणली असेल, तीच कुठेतरी साठून ऐकू आली असेल. काचेमुळे ओठ उशिरा दिसले असतील. नाही, काचेमुळे ओठ उशिरा दिसत नाहीत. मग मी थकले असेन.

"मावशी, एक गंमत करू," मी माइकमधून म्हटलं. "तू हेडफोन काढ आणि मनाला येईल तो आकडा म्हण. आधी ठरवू नको."

ती म्हणायच्या आत हेडफोनात आला. "सदुसष्ट."

पाचेक सेकंदांनी काचेपलीकडे मावशी विचार करून म्हणाली, "सदुसष्ट! माझं वय गं."

सुलेखा आणि भागूबाई माझ्याकडे बघू लागल्या. मला वाटलं आता या उठून जातील. पण बायकांचं बळ वेगळंच असतं.

"म्हंजी," भागूबाई हळूच म्हणाली, "बाई म्हणायच्या आधीच आपल्याला येतंय व्हय?"

"मशीन बिघडलंय," मी म्हटलं.

"बिघडलं कसं? बराबर तर येतंय!"

मावशीने हेडफोन परत लावल्यावर तिला सांगितलं तर ती खो खो हसत सुटली. "बरंय की! जन्मभर झिलेला पुढं ढकलीत आले, आता झीलच मला पुढं ओढती. चला, तिसरं कडवं घ्या. मला ते आजून सुचलेलं नाय. बघू काय म्हणते मी!"

खरंच तसंच झालं. आधी हेडफोनात तिचा आवाज, मग झील, आणि शेवटी मावशी, डोळे विस्फारून, स्वतःचीच न सुचलेली ओळ म्हणत.

*दिवसा खडी फोडली बाई, राती गाणं जोडलं गं,*
*तुझ्यासाठी एवढंच एक घरामधी ठेवलं गं.*

"माझीच ओळ हाय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि चेहरा हसत होता. "अशीच बांधली असती मी."

कोपऱ्यात सुकेशनी चिंचेची गोळी चघळत पोटावरून हात फिरवत होती. तिला नुसती झील ऐकू येत होती.

५

शेवटचं कडवं राहिलं. पाळण्याच्या शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव येतं. बाळ अजून यायचं होतं, तेव्हा मावशीने ठरवलं होतं की "नाव काय गं" म्हणून थांबायचं आणि पुढे चार ठेके नुसती ढोलकी सोडायची. बारशाच्या दिवशी त्या मोकळ्या जागेत बायका नाव म्हणतील.

मी पडद्याकडे पाहिलं. उणेच्या पुढे आता आकडे मावत नव्हते. चौकटीच्या बाहेर गेले होते.

"थांब जरा मावशी," मी म्हणाले. पण माझ्या माइकचं बटण दाबायचं राहिलं होतं आणि इंद्रजीतने ठेका धरला.

हेडफोनात मावशीचा आवाज आला नाही. एक खोली आली.

मोठी, माणसांनी भरलेली खोली. पंखा बंद पडताना करतो तशी घरघर, मग ती थांबली. बायका हसत होत्या. कुठेतरी स्टीलची वाटी पडली आणि गोल फिरत राहिली. एक तान्हं बाळ जोरात रडू लागलं. आणि झील उठली, आमच्यापेक्षा मोठी, दहा-बारा जणींची.

*दगडा नाव गं, हिचं दगडा नाव गं.*

भागूबाईचा हात तोंडावर गेला. सुलेखा माझ्याकडे बघेना. आमच्यात जित्या माणसाचं नाव पाळण्यात घालत नाहीत. आजीचं नाव नातीला मिळतं ते आजी गेल्यावर.

मी काचेतून पाहिलं. मावशीलाही हेडफोन होता. ती अगदी स्थिर बसली होती.

बाळ रडायचं थांबलं. मग एक आवाज आला. मावशीचाच, पण त्याला खरखर नव्हती. कोवळा, धुतल्यासारखा, आणि अगदी जवळचा, ओठ माझ्या कानाला लावून म्हटल्यासारखा.

*माझा गळा तुला गं बाई...*

मी डब्याची वायर उपटली.

६

"का बंद केलंस?" मावशी काचेबाहेर येऊन म्हणाली. "ओळ अर्धीच ऱ्हायली ना."

"काय झालं?" सुकेशनीने विचारलं.

"काय नाय, लाइट," सुलेखा म्हणाली आणि तिला खाली माझ्या भावाच्या घरात आराम करायला पाठवलं.

मी कोणाला न विचारता संरक्षणाचं बटण पुन्हा चालू केलं आणि संगणक बंद-चालू केला. इतका वेळ ज्या गुरख्याला मी शिव्या घातल्या, त्याला मनातल्या मनात म्हटलं, बाबा, बस दारात, कोणाला सोडू नको. त्याने ड्रायव्हर हाकलला. मग संगणकाच्या पदरच्या साध्या ड्रायव्हरवर डबा कसाबसा चालू झाला. उशीर आता अधिक तीनशे. सगळं जगाच्या रीतीप्रमाणे.

पण मावशीला गाता येईना. स्वतःचाच आवाज मागून येतो म्हटल्यावर ती अडखळे, थांबे, पुन्हा सुरू करी. हेडफोन काढला तर ढोलकीच्या वर सूर ताणावा लागे आणि खोकला येई. चार वेळा केलं, चारही वाया. दुपारचे तीन वाजले. गळा बसत चालला होता, माझ्या डोळ्यांदेखत. उद्या भरती.

"ते मघाचं लाव," मावशी म्हणाली.

"नाही."

"संध्ये."

"मावशी, तू ऐकलंस ना नाव कोणतं आलं?" माझा आवाज चिरकला. "मला नाही लावायचं ते. मला भीती वाटते."

ती माझ्यासमोर बसली. माझे दोन्ही हात तिने आपल्या खडी फोडून टणक झालेल्या हातांत घेतले. "आवाज कुणाचा होता?"

"तुझा."

"मंग? परक्याला भ्यावं माणसानं. सवताला काय भ्यायचं? अन् पोरगी रडली ते ऐकलंस का नाय? केवढ्यानं! ढोलकीच्या वर! म्हंजी पोरगी हाय, अन् फुप्फुसं लोहाराच्या भात्यावानी हायेत. अकरा वर्षं वाट बघितली मी. मला आजून काय पायजे गं?"

ती हसत होती. आतून, खरी. मी इतका आनंद कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

मी संरक्षण पुन्हा बंद केलं. ड्रायव्हर बसला. उशीर उणे तीन दिसला. अजून वाढला नव्हता. मी ओरडले, "चला, एका दमात!" आणि त्यांनी पाळणा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. वेरूळचा वारा, खडी, गाणं, "नाव काय गं", आणि चार मोकळे ठेके. गेल्या दहा वर्षांत ती इतकी सुरेख गायली नव्हती. शेवटच्या ठेक्यावर मी वायर काढली. आकडा पाहिला नाही.

जाताना मावशी जिन्यात थांबली. "ती अर्धी ओळ," ती म्हणाली. "पुढं काय आसंल, सुचंनाच मला."

गुरुवारी ऑपरेशन झालं. सहा तास. त्या सहा तासांत मी, सुलेखा आणि भागूबाई दवाखान्याच्या बाकावर एकमेकींकडे न बघता बसून होतो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "ठणठणीत आहेत." आम्ही तिघी अशा रडलो की शेजारच्या बाकावरच्या बाईंनी आमचं सांत्वन केलं.

आवाज तेवढा गेला.

७

बारसं मार्चमध्ये झालं, दुपारी. मुलगीच. सुकेशनीच्या दोन खोल्यांत चाळीस माणसं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या. पाळण्याला निळ्या झिरमिळ्या. मावशी पाळण्याशेजारी खुर्चीत बसली होती, गळ्याच्या छिद्रावर मऊ पांढरा रुमाल, आणि हातांनी सगळ्यांवर हुकूम सोडत होती. आवाज गेल्यापासून तिचे हुकूम उलट वाढले होते.

मी लॅपटॉप आणि स्पीकर आणले होते. डबा घरीच ठेवला होता, संरक्षण चालू करून.

पाळणा लावला. मावशीचा आवाज खोलीत भरला आणि बायकांनी पदर डोळ्याला लावले. मावशी स्वतःचं गाणं ऐकत मान डोलवत होती, एके ठिकाणी तिने तोंडही वाकडं केलं. हरकत पसंत पडली नसावी. सगळ्या हसल्या.

"नाव काय गं," स्पीकर म्हणाला, आणि वीज गेली.

पंखा घरघरत थांबला. स्पीकरचा दिवा विझला.

सुकेशनी पाळण्यावर वाकली. तिला कोणीही काही सांगितलेलं नव्हतं, याची मी शपथ घेईन. ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "कोणाला पटो न पटो. जित्या माणसाचं नाव ठेवत नाहीत म्हणे. माझी माय मरून परत आलीय, तिला चालतंय. दगडा!"

बायका खदखदून हसल्या. कोणाच्यातरी धक्क्याने घुगऱ्यांची वाटी पडली आणि गोल फिरत राहिली. बाळाने केवढ्याने तरी भोकाड पसरलं. आणि सुलेखा, भागूबाई आणि दहा जणींनी नाव उचललं.

*दगडा नाव गं, हिचं दगडा नाव गं.*

सुलेखाचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिचेही डोळे मोठे झाले होते आणि ती तरीही गात होती, हसत होती. म्हणजे एवढंच होतं ते! मला इतकं हलकं वाटलं की मीही टाळ्या पिटल्या.

बाळ रडायचं थांबलं.

मी स्पीकरकडे पाहिलं. दिवा विझलेलाच. मग मावशीकडे. आणि तेवढ्यात झील उठली, सगळ्या जणी, एका सुरात, न अडखळता, आणि अख्खी ओळ. जिचं दुसरं अर्धं मी कधी ऐकलं नव्हतं, मावशीला सुचलं नव्हतं, कोणालाच ठाऊक नव्हतं.

*माझा गळा तुला गं बाई, मला ऐकू दे,*
*माझा गळा तुला गं बाई, मला ऐकू दे.*

गाणं रंगलं, टाळ्या पडल्या, वीज आली, पेढे फिरले. नंतर मी एकेकीला विचारलं, ती ओळ कोणी म्हटली. प्रत्येकीने सांगितलं, मी नुसती उचलली. आणि झील आपणहून कधी उठत नाही. आधी ओळ, मग झील.

मावशीचं तोंड मिटलेलं होतं, ते मी पाहिलं होतं. ती आनंदाने डोळे मिटून खुर्चीत पुढे झुकली होती, आणि कान पाळण्याला लावून ऐकत होती.